मान वर होण्याआधी

आधी नीट बसून घ्या. होडीच्या मधल्या फळीवर, पाय थोडे पसरून. कॅमेरा बाहेर काढू नका. बॅग मांडीवर तशीच राहू द्या, चेन बंद. भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावरून होडी नुकतीच सुटली आहे. जानेवारी सरला आहे, पाणी उतरू लागलं आहे आणि पहाटेची थंडी अजून बोटांच्या पेरांत आहे. होडीवाल्या दादांनी विचारलं आहे, "सर, आधी फ्लेमिंगो बघायचे का बाकीचे?" उत्तराची घाई नाही. "जे दिसेल ते बघत जाऊ," एवढंच म्हणा. दादा किंचित हसतील. असं म्हणणारी माणसं त्यांना कमी भेटतात, आणि म्हणणाऱ्यांतलेही बरेच जण अर्ध्या तासात बदलतात.

ज्या पाण्यावर तुम्ही तरंगताय ते उजनीचं पाणी आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि त्याचा फुगवटा मागे करमाळा, इंदापूर, दौंड तालुक्यांत पसरला. खाली एके काळी शेतं होती, वस्त्या होत्या, पायवाटा होत्या. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. पक्ष्यांचं हे घर माणसाने बांधलं, तेही माणसांनाच उठवून. पक्ष्यांनी ते नंतर शोधून काढलं. हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकादंबांना धरणाच्या इतिहासाशी देणंघेणं नाही. उथळ पाणी, चिखल, काठाची कोवळी पिकं मिळाली की त्यांचा हिवाळा निघतो. तुम्ही मात्र हे मनात असू द्या. इथे तुमच्याआधी कोणीतरी जागा सोडलेली आहे.

आता काही वेळ फक्त ऐका. वल्ह्यावरून गळणारं पाणी. लांब कुठे शेतीचा पंप. टिटवीची ओरड, कडेच्या चिखलातून. वारकऱ्यांचा, म्हणजे त्या काळ्या, पांढऱ्या कपाळाच्या पाणपक्ष्यांचा, मधूनच तुटक आवाज. पुणे-सोलापूर मार्गावरची गाडी. यातला कुठलाही आवाज तुमच्या फोटोत येणार नाही. व्हिडिओत येईल, आणि मग तुम्ही पंपाच्या आवाजावर वैतागाल, तो पुसून टाकायला बघाल. पण ती टिटवी पंपाच्या आवाजातच अंडी घालते आणि पिल्लं काढते. आवाज पुसला तर तिच्या राहण्यातला एक मोठा भाग पुसला जातो. याचा निकाल आत्ता लावायचा नाही. नुसतं ऐकून ठेवा.

समोर, बरंच लांब, पाण्यावर एक फिकट गुलाबी रेघ आहे. ते रोहित. अग्निपंख म्हणा, फ्लेमिंगो म्हणा. होडीत तिन्ही नावं चालतात.

इथे हात आपोआप चेनकडे जाईल. तो गेलेला तुमच्या लक्षात आला तरी खूप झालं. हात परत गुडघ्यावर ठेवा आणि दुर्बिणीतून, नसेल तर नुसत्या डोळ्यांनी, एकच गोष्ट बघा: किती डोकी पाण्यात आहेत आणि किती माना वर आहेत.

रोहित उलट्या डोक्याने जेवतो. चोच पाण्यात उपडी घालतो, जाड जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक कंगव्यांत अडकलेले किडे, शेवाळ, बिया गिळतो. हे काम सावकाशीचं आहे आणि दिवसातले कित्येक तास चालतं. म्हणजे डोकं पाण्यात आहे तोवर त्याचं बरं चाललं आहे. थव्यात दोन-चार माना कायमच वर असतात; कुणी ना कुणी इकडेतिकडे बघत असतो. तेवढं त्यांचं नेहमीचं आहे. तुम्हाला बघायचा आहे तो आकडा वाढतो का, एवढंच.

होडी पुढे सरकते आहे. बघत राहा. चारच्या दहा झाल्या. मग वीस. अजून कोणीही हललेलं नाही, पाणी शांत आहे, नवख्या माणसाला काहीच घडलेलं दिसणार नाही. पण थव्याने तुमची दखल घेतली आहे. आणखी पुढे गेलात तर तो चालू लागेल, सगळे एका दिशेला, लांब पाय टाकत, फार देखणे. त्या देखणेपणाला भुलू नका. ते तुमच्यापासून दूर चालले आहेत. त्याही पुढे गेलात तर ते पळतील, कारण एवढ्या मोठ्या अंगाच्या पक्ष्याला जागेवरून उठता येत नाही. पाण्यावर काही पावलं धावत जाऊनच तो पंखांवर येतो. मग ती प्रसिद्ध लाल-काळी उघडझाप, आणि होडीतून एकदम "वाह!"

तिथवर जायचं नाही. दहाच्या वीस होताहेत तेवढ्यात म्हणा, "दादा, इथंच थांबूया."

होडी थांबली. आता थांबणं म्हणजे काय ते नीट करून बघा. उभं राहायचं नाही. बोट दाखवायचं नाही. शेजारच्याला कोपराने ढोसायचं नाही. पाणी होडीला थोडं इकडेतिकडे नेईल, नेऊ द्या. तुमच्या आत एक घड्याळ चालू झालं असेल: उजेड चालला, सूर्य वर येतोय, पैसे भरलेत, सुट्टी काढून आलोय. त्या घड्याळाशी भांडू नका. त्याची टिकटिक चालू राहू दे आणि नजर मानांवर ठेवा. थोड्या वेळाने एक मान खाली जाईल. मग तिच्या शेजारची. मग एकदम आठ-दहा. थवा पुन्हा जेवायला बसला.

आता मधलं पाणी डोळ्यांनी मोजा. आजच्या सकाळी, या थव्याने, या होडीला दिलेलं अंतर ते एवढं. उद्या ते वेगळं असेल. काल कुणी त्यांना तीनदा उठवलं असेल तर आज जास्त असेल.

आता कॅमेरा काढा.

अंतराचं गणित एकदा मनाशी घोळवण्यासारखं आहे. ६०० मिलिमीटरची लेन्स आणि फुल फ्रेम कॅमेरा असेल तर सुमारे ३० मीटरवर उभा असलेला रोहित आडवी चौकट वरपासून खालपर्यंत भरून टाकतो. छोटा खंड्या जेमतेम १६ सेंटीमीटरचा. त्याला तसंच भरायचं तर चार-पाच मीटरवर जावं लागतं. अंतर निम्मं केलं की चित्रातला पक्षी दुप्पट उंच होतो आणि चौपट जागा व्यापतो. "अजून थोडं जवळ" या मोहाला असा आकड्यांचा आधार आहे, म्हणून तो इतका शहाणा वाटतो. दहा मीटर पुढे गेलं की पिसाची रेघन् रेघ येईल, हे खोटं नाही. प्रश्न असा की ती रेघन् रेघ तुम्हाला कशाला हवी आहे. शरीरशास्त्रासाठी? भिंतीवर लावायला? की शेजारच्या होडीतल्या माणसाकडे आहे म्हणून? एकच उत्तर खरं असेल असं नाही. माझ्या बाबतीत तिसरं उत्तर बऱ्याचदा खरं असतं. उत्तर कुठलंही निघो, ते कळून मग चाप दाबा.

आणि आहे तिथूनच दाबा. चौकटीत पक्षी लहान येईल. त्याच्याभोवती पाणी येईल, बुडालेल्या बाभळीचा सांगाडा येईल, मागचा ऊस, विजेचा खांब, जाळं टाकणारा कुणी. फोटोवाले अशा चित्राला 'हॅबिटॅट शॉट' म्हणतात, आणि म्हणण्याच्या सुरात थोडी कीव असते: जवळ जाता आलं नाही बिचाऱ्याला. मला ती कीव कधी समजली नाही. मागचा भाग लोण्यासारखा धूसर करून टाकलेला रोहित उजनीत उभा आहे, कच्छमध्ये आहे की प्राणिसंग्रहालयाच्या तळ्यात, हे चित्र सांगू शकत नाही. खांब सांगतो.

तेवढ्यात मागून इंजिनाचा आवाज येतो. दुसरी होडी. तिच्यात चार-पाच जण, सगळ्यांच्या हातात लांब नळ्या. कुणीतरी म्हणतं, "दादा, उडवा ना जरा, फ्लाइट शॉट घेऊ." होडी सरळ थव्यावर जाते. माना वर, चालणं, पळणं, आणि सगळा थवा आकाशात. या वेळी तुमचंही बोट चाप दाबून ठेवतं. दाबू द्या. स्वतःवर चिडू नका, त्यांच्यावरही आत्ता नको. होडीवाल्यावर तर नकोच. त्याची रोजी समोरच्याच्या खुशीवर आहे, आणि खूश झालेल्या माणसाकडून वर मिळणाऱ्या शंभर रुपयांना नाही म्हणायला त्याला आपण शिकवावं, हे जरा जास्तच होतं. मागणी बसणाऱ्याकडून येते. बसणारा बदलला की होडी बदलते.

थवा लांब जाऊन उतरतो. आता तो सगळा क्रम पुन्हा मनात आणा, पण उलटा. उघडलेले पंख. त्याआधी पाण्यावरची पावलं. त्याआधी चालणं. त्याआधी वर आलेल्या माना. त्याआधी, दहा-एक सेकंदांपूर्वी, उपडी चोच, तोंडात अर्धा घास. तुमच्या कार्डात फक्त शेवट आहे. १/२००० सेकंदाच्या उघडझापेत भीती दिसत नाही. घाबरून उघडलेला पंख आणि आपखुशीने उघडलेला पंख तेवढ्या वेळात सारखेच सुंदर दिसतात. फोटोची ही मोठी सोय आहे, आणि मोठी पळवाटही.

व्हिडिओला ही सोय नाही. सेकंदाला पंचवीस किंवा पन्नास चौकटी सलग धावतात, आणि तुम्ही आधीपासून चालू ठेवला असेल तर त्यात माना वर येताना दिसतात, इंजिनाचा आवाज येतो, "उडवा ना" हेही येतं. म्हणून पाखरांचं चित्रीकरण करणाऱ्याला थांबावंच लागतं. बिचकलेल्या पक्ष्याचं दोन मिनिटांचं चित्रण बघवत नाही. तो सारखा कॅमेऱ्याकडे बघतो, शेपूट झटकतो, जागा बदलतो. त्याला विसर पडल्याशिवाय बघण्यासारखं काही मिळतच नाही. तुमच्या कॅमेऱ्यात दोन्ही सोयी असतील. एक प्रयोग करा: फोटो घ्यायच्या आधी एक मिनिट व्हिडिओ चालू ठेवा. तो कुणाला दाखवायचा नाही. तो तुमच्या फोटोचा साक्षीदार म्हणून ठेवा.

पाण्याकडे बघत इथे थोडं मागे जाऊया. १८८२ साली एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने पक्ष्यांच्या उडण्याचा अभ्यास करायला एक कॅमेरा बनवला. त्याला दस्ता होता, नळी होती, चाप होता. आत गोळीच्या जागी फिरणारी तबकडी होती आणि ती सेकंदाला बारा चित्रं घ्यायची. खांद्याला लावून नेम धरायचा. उडणाऱ्या पंखाचे टप्पे त्यातून एकापाठोपाठ एक दिसले, आणि सिनेमाच्या जन्माच्या कहाणीत या बंदुकीला मानाचं पान आहे. त्या काळी पक्षी जवळून बघायचा तर तो आधी पाडावा लागे. मारेच्या बंदुकीने पाडण्याची गरज काढून टाकली. नेम मात्र तसाच राहिला.

दुसरी वाट इंग्लंडात निघाली. रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी १८९२ मध्ये अंड्यांसकट घरट्याचा फोटो घेतला आणि पुढे पक्ष्यांच्या जवळ जायला नाना सोंगं काढली. त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं म्हणजे खरं कातडं चढवलेला पोकळ बैल. एक भाऊ आत शिरायचा, भोकातून लेन्स बाहेर. हसू येतं, पण आता उजव्या काठाकडे बघा. म्हशी चरताहेत आणि त्यांच्या पायांत गायबगळे बिनघोर चालताहेत. म्हैस बगळ्याकडे टक लावून बघत नाही, त्याच्या रोखाने येत नाही, तिचं लक्ष गवतात असतं. सरळ अंगावर येणाऱ्याला पक्षी लवकर बिचकतो; बाजूने, आपल्या नादात जाणाऱ्याला बराच वेळ खपवून घेतो. म्हणून होडी न्यायचीच तर तिरकी न्या, आणि मधूनमधून नजर काढून घ्या. खरंच काढून घ्या, पाण्याकडे बघा, आपल्या बुटांकडे बघा. आपली नजरही पक्ष्याला टोचू शकते, हे कॅमेऱ्यामागे बसल्यावर सुचत नाही.

एरिक हॉस्किंग हा इंग्रज पक्षी-छायाचित्रकार १९३७ साली रात्री घुबडाच्या घरट्याजवळच्या आपल्या लपणीकडे जात होता. घुबडाने अंधारातून येऊन त्याच्या डोळ्यात नख्या रुतवल्या. डावा डोळा गेला. पुढे तो उरलेल्या डोळ्याने जगातला एक मोठा पक्षी-छायाचित्रकार झाला. त्या घुबडाने अंतर पंजाने सांगितलं. बाकीच्या पाखरांकडे असा पंजा नसतो; ती मान वर करतात, शेपूट हलवतात, एक स्वर बदलतात, आणि नाहीच कळलं तर निघून जातात.

घरट्यापाशी मात्र त्यांना निघूनही जाता येत नाही.

उजनीवरून थोडा वेळ मनाने कोकणात या. जुलै. कर्नाळ्याचं जंगल घ्या, नाहीतर चिपळूणच्या आसपासचा एखादा ओढा. पाऊस थांबून पानांवरून गळतोय. दरडीच्या मातीत एक भोक आहे, आत हातभर बोगदा, आणि टोकाला पिल्लं. तिबोटी खंड्याचं घर. पक्षी मुठीत मावेल एवढा: पिवळं पोट, जांभळट माथा, निळे पंख, शेंदरी चोच, पायाला तीन बोटं. पावसाबरोबर तो इथल्या ओढ्यांवर येतो. दर पावसाळ्यात त्याचे ढिगाने फोटो निघतात आणि त्यांतला सगळ्यांत आवडता एकच असतो: शेवाळलेल्या काडीवर बसलेला तिबोटी, चोचीत सापसुरळी.

असा फोटो मनासमोर धरा. तुम्ही तो पाहिलेला आहे. आता रंग बाजूला ठेवा आणि चोचीतला घास बघा. भक्ष्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे? खंड्याला स्वतः खायचं असेल तर तो मासा डोक्याकडून गिळतो, म्हणजे माशाचं डोकं त्याच्या घशाकडे. पिल्लाला किंवा जोडीदाराला द्यायचं असेल तर डोकं चोचीच्या बाहेर, म्हणजे घेणाऱ्याला डोक्याकडून गिळता येतं. नदीकाठच्या छोट्या खंड्यात हे चांगलं दिसतं. म्हणजे डोकं बाहेर असलेला घास त्याचा नाहीच. तो घास कुणाच्या तरी वाटचा आहे, आणि तो घेऊन पक्षी काडीवर बसला आहे.

का बसला आहे? प्रत्येक वेळी माणसामुळे नाही. आत शिरण्याआधी आजूबाजूला बघून घेणं ही त्याची रीतच आहे. पण समोर सहा माणसं, सहा ट्रायपॉड, भोकासमोरची पानं कुणीतरी 'क्लीन बॅकग्राउंड'साठी तोडलेली, काडी कुणीतरी मुद्दाम रोवलेली: मग तो दोन सेकंदांच्या जागी दहा मिनिटं बसतो. चित्र उत्तम येतं, कारण पक्षी बराच वेळ बसलेला असतो. आपण ज्याला पोज म्हणतो ते आई-बापाचं अडून राहणं असू शकतं. आणि तोडलेली पानं लगेच परत येत नाहीत. आपण गेल्यावर ते भोक सापाला, मुंगसालाही तितकंच स्वच्छ दिसतं.

आपल्याकडचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शिकारीची जी व्याख्या करतो तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही बसतं. आमिष दाखवणंही बसतं. बंदूक लागत नाही. ही ओळ लिहिणाऱ्याला पाखरं कळत होती असं मला नेहमी वाटतं. हौशी माणसाने विणीच्या काळात घरट्याचे फोटो काढूच नयेत, असं माझं सरळ मत आहे. अपवाद असतात, अभ्यासक असतात, जपून करणारेही असतात. पण आपण ते अपवाद आहोत असं प्रत्येकाला वाटतं आणि ओढ्यावर गर्दी होते. स्पीकरवर आवाज वाजवून नवरंग पक्ष्याला बोलावण्याबद्दलही तेच. जूनमध्ये आपली हद्द राखणारा नर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला धावून येतो, आणि आपण म्हणतो, काय छान समोर आला!

हे वाचून मन जड झालं असेल तर ते तसंच राहू द्या. उपाय शोधायला लगेच धावू नका. त्याऐवजी किहीमला जा, १९३०च्या पावसाळ्यात. पक्षीतज्ज्ञ सालिम अली तिथे सुगरणींच्या वसाहतीकडे बघत बसले आहेत. रोज. आजवर वाटत होतं की एक नर, एक मादी, एक घरटं. त्यांना दिसलं ते निराळं: नर अर्धं घरटं विणतो, माद्या येऊन तपासतात, एखादी पसंत करून राहते, मग नर ते पुरं करतो आणि जवळच दुसरं सुरू करतो, दुसरीसाठी. कुठल्याही एका चौकटीत हे मावत नाही. एका सकाळच्या फोटोत तो नर कष्टाळू नवरा दिसला असता. खरा क्रम बसून राहिल्याने कळला, आणि त्या बसून राहणाऱ्याला कुठल्याही सुगरणीने हाकललं नाही.

मग फोटोचं काम काय, असंही कुणी विचारेल. त्याचंही उत्तर महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाची १८८४ नंतर खात्रीची नोंद उरली नव्हती. शंभरावर वर्षं तो संपला असावा असंच धरून चाललं होतं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो झाडावर बसलेला दिसला. जुन्या काळी याचा पुरावा म्हणून पक्षी पेटीत गेला असता. या वेळी तो कॅमेऱ्यात गेला आणि झाडावरच राहिला. अशा चित्रात मागची फांदी आडवी आली, उजेड चुकला, तरी काय बिघडतं? फोटोवाले त्याला 'रेकॉर्ड शॉट' म्हणून बाजूला सारतात. मला विचाराल तर या धंद्यातलं सगळ्यांत निर्मळ चित्र तेच.

होडीवर परत या. ऊन चढतंय. डावीकडे पाण्यावर एक कवड्या खंड्या घिरट्या थांबवून हवेत एकाच जागी उभा आहे: पंख जोरजोरात, डोकं मात्र खिळल्यासारखं स्थिर, चोच खाली. कॅमेरा मांडीवर ठेवा. हे एक अख्खं बघणं फक्त तुमच्यासाठी. तो थोडा खाली येतो, पुन्हा थांबतो. पुन्हा खाली. दगडासारखा पडतो. पाणी उडतं. वर येतो, चोच रिकामी. अंग झटकतो आणि पुढच्या जागी जाऊन पुन्हा उभा राहतो. आता बघा, छातीत काय झालं: फोटो हुकल्याची चुटपूट लागली की त्याचा मासा हुकल्याची? दोन्ही लागल्या तरी हरकत नाही. कुठली आधी लागली तेवढं बघा. मग कॅमेरा घ्या आणि पुढच्या वेळेला टिपा. तो आता कुठे थांबतो, किती वेळा खाली येतो, हे तुम्हाला ठाऊक झालं आहे. चित्र त्यामुळेही सुधारेल. पण तेवढ्यासाठीच बघायचं नव्हतं.

दहाच्या सुमारास पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते आणि लांबच्या प्रत्येक चित्रात ती थरथर उतरते. कितीही महाग लेन्स असो, इलाज नाही. काठावर परत चला. दादांच्या घरी चिलापी तळली जात असेल. हा मासा मूळचा आफ्रिकेचा आणि आता इथल्या पक्ष्यांच्या आणि माणसांच्या दोघांच्या पोटात जातो. जेवून घ्या. निघताना दादांना सांगा की थांबून राहिलात ते आवडलं, आणि वर जे द्यायचं ते त्या थांबण्याचे म्हणून द्या, तसं बोलून. कुठे घरटं दिसलं असेल तर त्याची जागा मोबाईलवर कुणाला पाठवू नका, अगदी भरवशाच्या मित्रालाही. त्याला आणखी एक भरवशाचा मित्र असतो.

रात्री घरी चित्रं निवडायला बसाल तेव्हा सवयीने आधी तीक्ष्ण-धूसर असे ढीग कराल. आज दुसरा ढीग करून बघा: ज्यांत पक्षी आपलं काम करतोय ती एकीकडे, ज्यांत तो तुमच्याकडे बघतोय ती दुसरीकडे. दुसऱ्या ढिगातली चित्रं जास्त धारदार असतील, डोळ्यात चमक असेल, लोकांना तीच आवडतील. पहिल्या ढिगात बहुतेक पाठी, पाण्यात गेलेली डोकी आणि अर्धवट चोची असतील. ती जपून ठेवा.

मग ते एक चित्र येईल. दुसऱ्या होडीने उठवलेला थवा, सकाळच्या उजेडात, शंभर पंख एकदम उघडे, मागे सोनेरी पाणी. दिवसभरातलं सगळ्यांत चांगलं. तुम्ही तो उठवला नव्हता. पुसावं का? माझे काही मित्र म्हणतात पुसावं, कारण असं एक चित्र पाहून उद्या दहा जण होडीवाल्याला "उडवा ना" म्हणणार. त्यांचं म्हणणं मला पटतं आणि तरी मी पुसणार नाही. ठेवा, पण स्पर्धेला पाठवू नका, आणि कुणाला दाखवलंत तर खाली लिहा: उजनी, फेब्रुवारी, इंजिनाची होडी थेट थव्यावर नेल्यानंतर. सोबत आधीचा एक मिनिटाचा व्हिडिओ असेल तर तोही जोडा. शंभरातले नव्वद जण तो उघडणार नाहीत. जे उघडतील त्यांना माना मोजता येतील.